लासुर्ण्याचा लाल ठिपका

४ डिसें.
कारखान्याच्या ऊसवाहतुकीच्या सगळ्या ट्रकांवर जीपीएस बसलं. माझं काम: नकाशावर ठिपके बघायचे, कोण उगाच थांबतं ते काढायचं. थांबला की ठिपका लाल. यादीत सगळ्यात मागे राहतील त्या पाच गाड्या पुढच्या हंगामाला बंद. छान कल्पना. माझीच.

६ डिसें.
शेवटून पहिला नंबर आबांचा. म्हणजे आमच्याच घरच्या गाडीचा! लासुर्ण्यात दर खेपेला लाल. बरोब्बर ताईच्या सासरच्या दारात.
जेवताना विचारलं. आबा: "लेकीच्या दारावरनं तसंच जायाचं? मी मानूस हाय का जनावर?"
मी: मग आत जाऊन पटकन चहा घ्या की.
"न्हाय. तिला मूल हुईस्तवर तिच्या घरचं पानी चालत न्हाय."
म्हणून बाहेरून हॉर्न, ताई रस्त्यावर, ट्रकला टेकून दोघांचा चहा. थर्मास घरून. रोज भरून देते कोण? मीच.
ताईच्या लग्नाला सात वर्षं झाली. सात वर्षं बाप उंबऱ्याबाहेर. राग आला.

९ डिसें.
आबांना सगळं नीट समजावलं. ऐकलं म्हणे. आज थांबलेच नाहीत! ट्रक बैलगाडीच्या चालीनं, ताई कप घेऊन शेजारून चालत. आबांचा ठिपका हिरवागार. मागं अडकलेल्या गाड्यांची रांग, सगळ्या लाल. आबा एकदम वरच्या नंबरात. साहेब खूश: "बघा, नकाशामुळं शिस्त लागली."

१२ डिसें.
आबांच्या पायी दुसऱ्याच पाच गाड्या बंद होणार. झोप नाही. अहवालात खरं ते लिहिलं, आबांच्या नावासकट. पाठवला.
साहेबांनी वाचला. "उद्या मीच त्यांच्या गाडीत बसतो."
आबांना सांगितलं. म्हणाले, "मग थर्मास मोठा दे."

१३ डिसें.
सकाळपासून ठिपका लासुर्ण्यात. लाल. आबा फोन उचलत नाहीत, साहेबही नाहीत. शेवटी ताईचाच आला. "अगं, सासूबाईंनी साहेबांना आत बोलावलं. साहेब म्हनले, आबा आल्याबिगर मी न्हाय येनार. आबा उंबऱ्यापाशी लई वेळ हुबे. मग आले. पानी प्याले गं!"
ती रडत होती. मीही, ऑफिसातच.
जरा वेळानं विचारलं, गाडीचं काय म्हणाले साहेब?
"अजून काय न्हाय. थांब जरा, पोहे टाकल्यात."