आठ दिवसांनी या

बाळकुम, ठाणे
बुधवार, १८ नोव्हेंबर १९९८

सौ. शीलास मामाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे धडधाकट आहोत, तुम्ही तिकडे नाशिकला तसेच असाल असं धरून चालतो. तुझ्या सासू-सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. सासऱ्यांचा गुडघा कसा आहे? (थंडीत त्यांना उगाच जिने चढू देऊ नकोस. डॉक्टरच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर एवढं सांगायचा हक्क मलाही आहे.) मामीनं तुझ्यासाठी सुकट काढून ठेवलीय, पण सासरी चालते का ते विचारल्याशिवाय पाठवायची नाही म्हणते.

पत्राचं कारण म्हणजे तुझे आभार. अगं, गणपतीला पहिल्यांदा माहेरी आलेलीस, चार दिवस लोळायचं, ते सोडून तीन दुपारी तू डोंबिवलीहून नौपाड्याला येऊन ह्या मामाला कॉम्प्युटर शिकवलास. डॉक्टरांचा मुलगा उत्तम, त्यानं ते मशीन दवाखान्यात आणून ठेवलं आणि मला तोंडावर सांगितलं, मधुकाका, वर्षअखेरपर्यंत पेशंटच्या तारखा यावर जमल्या तर ठीक, नाहीतर क्लास केलेली एखादी मुलगी बघतो. त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार? रात्रीची झोप उडालेली माझी. तू मात्र एकदाही हसली नाहीस, वैतागली नाहीस, चार पानं मराठीत लिहून दिलीस. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलंस, हे मी चार लोकांत सांगतो.

त्यातही मला सगळ्यात काय आवडलं असेल, तर एकदा नाव लिहिलं की ते नाव आपलं आपण पुढच्या तारखांवर जाऊन बसतं, ती युक्ती. दिवा गावच्या गोदूबाईचं नाव मी वहीत आजवर किती वेळा लिहिलंय देव जाणे. (तिच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नाही, आणि साखर ती सोडत नाही.) म्हणून २१ सप्टेंबरला, सोमवारी, मी धीर करून ड्रेसिंगचे चौदा पेशंट मशीनमध्ये घातले. आता आमचे डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात, आठ दिवसांनी या. सोमवारी आलेला माणूस हे ऐकून पुढच्या सोमवारी येतो. आपल्यात आजचा दिवस धरूनच मोजतात आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. मशीननं विचारलं, किती दिवसांनी? मी इमानदारीत आठ दाबलं. वर प्रत्येकाला पुढच्या सहा तारखांची छापील चिठ्ठी काढून दिली. काय सांगू, त्या दिवशी चालताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढच्या सोमवारी दवाखाना ओस. मंगळवारी चौदाच्या चौदा हजर! मला वाटलं, मशीन आपल्यापेक्षा शिकलेलं, त्यानं काहीतरी विचार करूनच गर्दी हलवली असेल. डॉक्टरांना वाटलं ही माझी हुशारी. सोमवारी त्यांना निवांत पेपर वाचायला मिळाला, ते माझ्यावर खूश. मग बुधवार आला, गुरुवार आला. दिवाळी संपता संपता शुक्रवारही खपून गेला. पेशंट काही बोलेनात, कारण चिठ्ठी छापलेली होती. हातानं लिहून दिली असती तर चौदा जणांनी चौदा शंका काढल्या असत्या. शनिवारी मला जरा धाकधूक वाटली, पण मी म्हटलं, चाललंय ना, कशाला हात लावा?

आणि ८ नोव्हेंबरला रविवार आला. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात. सकाळी नऊला त्यांच्या दाराशी जिन्यावर ही रांग. सगळ्यात पुढे गोदूबाई. दिव्याला तिच्याकडे पाणी रविवारीच येतं, ती हंडे तसेच टाकून आलेली, आणि त्या पाण्याचा जाब डॉक्टरांना विचारत होती. तिच्या मागे आपल्या बाळकुमचा भिवाजी, ऐन उधाणाचं पाणी सोडून, होडी बांधून आलेला. (हाताला कोता माशाचा काटा लागला त्याची जखम. तो काटा कसा लागला हे त्यानं पूर्ण रांगेला सांगितलं.) मला बोलावणं आलं तेव्हा मी बाजारातून निवट्या मासळी घेऊन येत होतो, तसाच पिशवीसकट रिक्षात बसलो. डॉक्टरांनी बनियनवरच चौदा ड्रेसिंगं केली, मी पट्ट्या कापून दिल्या. एकालाही परत पाठवलं नाही. देवमाणूस आहे, शीला. रागावला, पण हात हलका ठेवून.

मग मी तो रविवार मशीनमधून काढायला गेलो. त्यानं विचारलं, हीच भेट काढू की सगळ्या? मी घाबरलेलो, म्हटलं होऊन जाऊ दे, सगळ्या. चौदाही माणसं पडद्यावरून गेली ती गेलीच. परवाच्या सोमवारी मी नावं, जखमा, कुठली पट्टी, सगळं तोंडपाठ सांगितलं आणि दिवस निभावला. तरी सांगतो, हे सगळं झालं ते तुझ्या शिकवण्यात खोट होती म्हणून नव्हे. तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुझा,
मधुमामा

ता.क. सुकटीचं कळव.

ता.क. आणखी एक, अगदीच किरकोळ. त्या रविवारी उत्तमनं सगळ्यांसमोर विचारलं, आठ कुणी घातलं? माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या भाचीनं. आता डॉक्टर येत्या रविवारी तुला फोन करणार आहेत. तू फक्त हो म्हण. तुझी तिथे नोकरी नाही, घरदार चांगलं आहे, तुझं काय जाणार? माझं सगळंच जाईल गं. एवढं कर, बाळा.

शीला, मी मामी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, मी उघडून वाचलं. लाज वाटली म्हणून दुपारीच नौपाड्याला जाऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगून आले. ते म्हणाले, मीराबाई, मला त्या रविवारीच कळलं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पोरीला आठवड्याचे दिवस मोजता येतात. पण मधु बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलला, इतका भेदरला, हे आमचंच चुकलं. उत्तमला बोललोय, मी आहे तोवर मधु आहे. मी तिथेच रडले बघ. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. रविवारचा फोन झाला की तूच ह्यांना सांग. मग हे तुला पुन्हा एक आभाराचं पत्र लिहितील, आणि त्याला ता.क. नसेल.