अधमुऱ्या बर्फावरचे पट्टे

९ जानेवारी

गाडी आली! आजच्या शेवटच्या बोटीनं. आठ चाकांची, बर्फावर चालते, पाण्यात पडली तर तरंगते. चाकांवर चढवायचे पट्टे दोन जोड्या — एक रुंद, रबरी. दुसरी अरुंद, कडक प्लॅस्टिकची, दाते असलेली. एक ठेवायची, एक परत.

कुठली ते मी ठरवायचं म्हणे. होल्गर आमच्या बेटाच्या मंडळाचा अध्यक्ष, त्यानंच सांगितलं. "रस्त्यावरचा बर्फ तूच काढतेस, गुनेल. यंत्रातलं तुलाच कळतं." खरं कारण कुणी बोललं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

रुनार, माझा नवरा, गेला त्याला या महिनाअखेर वर्ष होईल. बर्फ अधमुरा होता तेव्हा — होडी शिरेना, पाय ठेवावा तर आत. वादळात हेलिकॉप्टर येईना. दुपारी छातीत दुखायला लागलं. संध्याकाळी संपलं. ॲम्ब्युलन्स सामुद्रधुनीपलीकडच्या धक्क्यावर उभी होती. पुन्हा कुणाचं असं होऊ नये म्हणून ही गाडी.

हे लिहिलं, आणि काही वाटलं नाही. जेवले.

१० जानेवारी

विक्रेता यार्को गाडी दाखवायला थांबला होता. तरुण आहे, सगळ्यांना काकू-काका करतो. चर्चमागच्या भुसभुशीत बर्फात रुंद पट्ट्यांवर गाडी अशी गेली, की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मग अरुंद चढवले — गाडी पोटापर्यंत रुतली. कण्हत कण्हत निघाली.

"झालं की! रबरी घ्या, विषय संपला," होल्गर म्हणाला.

मी विचारलं, "पाण्यातून बर्फावर चढेल?"

"काकू, बर्फासाठी तर रुंद पट्टे उत्तम!"

मी विचारलं काय, हा सांगतोय काय. संध्याकाळच्या बोटीनं गेला.

१५ जानेवारी

बोट बंद. सामुद्रधुनी गोठायला लागली.

१९ जानेवारी

विवेका — होल्गरची बायको — वाटाण्याचं सूप घेऊन आली. मी पातेल्यातूनच प्यायले. "अगं, ताट-वाटी काही आहे की नाही घरात?" मग तिनंच काढून धुतली. जाताना दारात थांबली. "गुनेल, तू एकदा रडून तरी घे गं."

मी बघेन म्हणाले. जसं काही यादीत लिहून ठेवायचंय.

दीसाचा फोन. "आई, इकडे वासा शहरात ये ना माझ्याकडे, निदान हे दिवस." पट्ट्यांचं काम आहे म्हणाले. "पट्ट्यांचं??" लेक म्हणाली.

२२ जानेवारी

रुंद पट्टे. गाडीला मागून दोर, दोर ट्रॅक्टरला, ट्रॅक्टरवर होल्गर. किनाऱ्यालगत बर्फ फोडून पाण्यात उतरले. तरंगते छान. पण वर चढेना! रबर ओल्या कडेवर नुसतं घसरतं. तीनदा. शिवाय पाणी झालेला बर्फ पट्ट्यात भरला, तिथेच गोठला, आणि डावा पट्टा चाकांवरून उतरला. मी पाण्यात, पट्टा लोंबतोय.

होल्गर ओरडत होता, "ओढू का? अगं, बोल तरी! ओढू का?"

मला घाई वाटत नव्हती. भीती पण नाही. हे बरोबर नाही, एवढं कळलं. हात वर केला. त्यानं ओढलं.

नंतर शेडमध्ये कॉफी प्यायलो. त्यानं मला खूप शिव्या दिल्या.

२४ जानेवारी

दिवसभर पट्टे बदलले. बोटं सोलली. विवेका टॉर्च धरून उभी, तोंडाची टकळी चालू.

२५ जानेवारी

अरुंद पट्टे. दाते कडेला धरतात. गाडीचं नाक वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर — आणि चढली! पट्ट्यातला बर्फ आपोआप गळून पडतो. भुसभुशीत बर्फात रडतखडत जाते, जाऊ दे. त्या वाटेवर मी आधी बर्फ काढायचा नांगर फिरवीन.

होल्गर म्हणाला, "दिसायला दरिद्री आहे." म्हणजे पटलं.

पलीकडे जाऊन आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, सांगितलं.

२८ जानेवारी

गेलो. मी आणि होल्गर. "मला बुडवायचंच असेल तर आधी विवेकाला विचार," म्हणाला, "हो म्हणायची!" सगळे किनाऱ्यावर बघायला. निघताना विवेकानं साध्या बाटलीत कॉफी भरून, लोकरी मोज्यात गुंडाळून दिली.

मध्ये दोनदा बर्फ फुटला. दोनदा पाण्यात, दोनदा वर. होल्गर आधी मासळीच्या गप्पा मारत होता, मग हँडल धरून देवाचं नाव घेत होता. पलीकडच्या धक्क्यावर चढलो, तो हसायला लागला, मला मिठी मारली. मी बाटली उघडली. पहिल्याच घोटाला जीभ भाजली त्याची.

आणि त्यानं कप खाली घेतला. कपाकडे बघत राहिला. मीही. काय हिशोब चाललाय ते दोघांना कळत होतं. रुनारची दुपार ते संध्याकाळ — आणि इकडे कॉफी निवलीसुद्धा नाही.

परत आलो. किनाऱ्यावर लोकांनी विचारलं, "किती वेळ लागला?" होल्गर म्हणाला, "पट्टे चांगले आहेत." नुसतं एवढंच. विवेकानं बाटली हातात घेतली, ती अजून कोमट होती, आणि तिचा चेहरा पडला.

अरुंद पट्टे ठेवायचे. ठरलं.

३० जानेवारी

आज वर्ष झालं. दीसानं फोन केला. चर्चमध्ये मेणबत्ती लावली. परत आले. झोपले.

३१ जानेवारी

सकाळी होल्गर आला. बसला नाही, टोपी हातात. म्हणाला, चार वर्षांपूर्वी हीच गाडी घ्यायचं सभेत निघालं होतं. तू तेव्हा दीसाकडे होतीस. आम्ही सगळे घेऊ म्हणत होतो. रुनारनंच हाणून पाडलं. "आठ-पंधरा दिवसांसाठी कशाला ती चैन, आणि मला काय धाड भरलीय!" — असं म्हणाला. सगळे हसलो, विषय संपला.

होल्गर गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले. गाढवा! अरे गाढवा! काय धाड भरलीय?! पातेलं आपटलं. खूप चिडले त्याच्यावर, इतकी की घसा बसला. मग रडू आलं. दुपार झाली, अजून थांबत नाहीये.