गोंड्याची कातरणी

बोरगाव, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळी सव्वासात. (गोंड्याच्या कानांना खोबरेल लावत होतो, म्हणून कागदावर डाग आहे.)

ती. सौ. ऋतिकाआक्कास,

ओमकारचा नमस्कार. तू आणि दाजी बरे असाल. आप्पांचा गुडघा सोडला तर आम्हीही ठीक आहोत.

भाऊबीजेला तू गोंड्याला बंगळूरला न्यायला येणार. त्याला बघून दचकू नयेस म्हणून हे पत्र. (फोनवर माझी जीभ अडखळते.) कॉलेजातून येताना ज्याला तू ओढणीत गुंडाळून बेळगावच्या बसनं आणलंस आणि ज्याला बघून कंडक्टर म्हणाला, लोकरीची टोपी छान विणलीय, तो पामेरियन आता राहिला नाही. म्हणजे जिवंत आहे, पण केस नाहीत. झालं असं, की त्याच्या केसांत कुसळं अडकून गाठी झाल्या. (आई उन्हात बसून रोज सोडवायची. रागवायची कन्नडमध्ये, लाड करायची मराठीत. तो दोन्ही भाषांत ऐकायचा नाही.) मला ते जमेना. आपल्या रानात मेंढरं बसवलेल्या परशराम धनगरांची लोकर कातरणी चालली होती. म्हटलं, मामा, एवढ्या गाठी तेवढ्या काढा, आणि पाणी आणायला गेलो. परत येतो तर मामांनी मेंढरागत चारी पाय बांधून त्याला पोटापासून पाठीपर्यंत साफ केलेलं, आणि केस लोकरीच्या ढिगात. "हाताला मधी थांबायची सवय न्हाय रं," म्हणाले. वर विचारलं, "लई मऊ लोकर हाय. आणि हैत का असली?"

कुत्रं घरात चालायचं न्हाय, असं तुला बजावणारे आप्पा त्याला बघून म्हणाले, "आरं, आत एवढंच व्हतं व्हय?" आणि आईच्या जुन्या पातळाचा अंगरखा स्वतः शिवला. (एक बाही उलटी आहे.) आता तो त्यांच्या अंथरुणात झोपतो. आई गेल्यापासून आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्याला मात्र तंबाखूचा दर, आईचं माहेर, तुझं लहानपण, सगळं सांगतात. (तू पाचवीत असताना शेणखड्ड्यात पडलीस, हे मला त्यामुळेच कळलं.)

डॉक्टर म्हणतात, केस यायला संक्रांत उजाडेल. तोवर त्याला इथंच ठेवू का?

तुझा,
ओमकार

ता. क. केस हे निमित्त. गोंड्याला नेलंस तर आप्पा कुणाशी बोलतील?

ता. क. २. वरचं रद्द. आप्पांनी पत्र वाचलं. विचारतात, तुमच्या सोसायटीत कुत्र्याबरोबर एक म्हातारा चालतो का. (मीच विचारतोय असं समज.) चालत असेल तर दोघांना ने. रान मी बघतो. फक्त येताना एक बारकं पातेलं आण. एकट्यापुरता भात आपल्या पातेल्यात करपतो.