भावासाठी दोन शब्द

शनि., १० जाने.
सकाळपासून बर्फ. डेव्हनवर, इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, पार्किंग मिळेना. नवरा, इकबाल, गाडीतच बसला, मी उतरून सामान घेतलं. वरच्या मजल्यावरच्या रुबीना आपाचंही, मोहरीचं तेल आणि फ्रोझन हिलसा मासा. द्यायला गेले तर आपा खिडकीशी नुसती बसलेली. चहाचंही विचारलं नाही. असं कधी होत नाही.

तिचा धाकटा भाऊ मोनिर तिकडे बांगलादेशात निवडणुकीला उभा राहिलाय. शरियतचा कायदा आणू म्हणणाऱ्या पक्षाकडून. त्याला आपाचा व्हिडिओ हवाय, भावासाठी दोन शब्द. गावात अजून त्यांच्या अब्बांचं नाव चालतं. अब्बा वकील होते. नमाज आपली, सरकार सगळ्यांचं, हे जन्मभर सांगत राहिले.

"नाही म्हटलं तर मोनिर तुटतो. हो म्हटलं तर अब्बांना काय तोंड दाखवू?"

मंगळ., १३ जाने.
आपा दुपारी खाली आली. मी तांदळाची सांदणं केली होती. खाता खाता मोनिरच्याच गोष्टी. शेजारी एक हिंदू मास्तर राहायचे. त्यांच्याकडे दुर्गापूजेचा ढोल सुरू झाला की मोनिर घरातून गायब. रात्री अब्बा जाऊन आणायचे, तर हा मास्तरांच्या खाटेवर झोपलेला. पुढे मास्तरांचं कुटुंब सगळं विकून कलकत्त्याला गेलं. त्यांना बसवर सोडायला मोनिरच गेला, आणि परत येऊन जेवला नाही.

"तोच मोनिर आहे गं हा," आपा म्हणाली. मी तिला आणखी एक सांदण वाढलं.

शुक्र., १६ जाने.
मोनिरचा फोन. आपाने स्पीकरवर ठेवला. आवाज गोड आहे, ऐकत राहावं असा. म्हणाला, धर्म वेगळा ठेवणाऱ्यांनीही राज्य केलंच ना, आपा. आमची पोरं तुरुंगात टाकली, पैसे पोटभर खाल्ले. निदान अल्लाला भिणारा माणूस तरी बसू दे खुर्चीवर.

मग मला म्हणाला, "तुम्ही इंडियात कमी आहात, म्हणून तुम्हाला वेगळं सरकार बरं वाटतं. आम्ही जास्त आहोत."

 थोडं खरंही आहे, म्हणून जास्त लागलं.

जिना उतरताना आठवलं. आमच्या खाडीकाठच्या गावात आम्हीच तर जास्त होतो! बाबा सरपंच असताना पंचायतीचा एकच दिवा आला होता. जमात म्हणाली, मशिदीसमोर लावा. देवळाकडची चार घरं, ती मागणार तरी कशी. बाबांनी तो धक्क्यावर लावला. तरीच्या होडीतून उतरताना बायका शेवाळावरून घसरायच्या तिथे. जमातीतले कितीतरी दिवस बाबांशी बोलले नाहीत. आई चिडली होती, मशिदीला नाही म्हणायची काय गरज. बाबा म्हणाले, "मशिदीला आपण देऊ की घरातून. हा पंचायतीचा आहे."

हे मोनिरला सांगायला हवं होतं. वेळेवर सुचत नाही.

रवि., १८ जाने.
जेवताना हाच विषय. इकबाल म्हणाला, मोनिरचा राग खोटा नाही. लेक झोया म्हणाली, "अम्मी, यू डोन्ट इव्हन व्होट देअर." मी म्हटलं, तिथे काय, मी आता गावातही व्होट करत नाही. पासपोर्ट बदलला तेव्हाच ते गेलं. तिने खांदे उडवले. भाजीत मीठ कमी होतं, ज्याने त्याने वरून घेतलं.

शनि., २४ जाने.
आपाने व्हिडिओ केला. माझ्याच किचनमध्ये, तिच्याकडे उजेड नाही म्हणून. फोन मी धरला. लग्नातली साडी नेसून आली होती. आधी मोनिरबद्दल बोलली. पुरात त्याने आजीला पाठीवरून कसं आणलं, तो चोरी करणार नाही, कुणाला उपाशी ठेवणार नाही. मग थांबली. मला वाटलं, झालं. बंद करणार तेवढ्यात म्हणाली,

"पण सरकारवर मला रागावता आलं पाहिजे. अल्लाचं नाव लावून आलेल्या सरकारवर मी कशी रागावू? मोनिर, तुला मत दिलं असतं. तुझ्या कायद्याला नाही."

परत करू या का, विचारलं. नको म्हणाली. इथेच बसून पाठवला. 

सोम., २६ जाने.
आज शाळेत झेंडा असायचा. बाबांचा इस्त्रीचा सदरा, आमच्या हातात बुंदीचा लाडू. इथे नुसताच सोमवार.

मोनिरचा संध्याकाळी फोन आला होता. आपा वरून धावत आली, पायात चप्पल नाही. ओरडला नाही म्हणे.  म्हणाला, हा व्हिडिओ मी लावणार नाही. पण तुला हेच म्हणायचं असेल, तर इकडे ये. सभेत माझ्या शेजारी उभी राहून म्हण.

"बोलावतोय, का भीती घालतोय? त्याचा आवाज मला कळायचा गं. आज कळला नाही."

पाय गार पडले होते तिचे. मोजे दिले. घालता घालता म्हणाली, "तू असतीस तर गेली असतीस?"

बाबा गेले असते. माझं मला माहीत नाही. तिला तसंच सांगितलं. दुसरा मोजा चढवून ती इकबालला म्हणाली, तिकिटं बघतोस का जरा, नुसती बघ.