दुधाच्या कट्ट्यापुढचा दम

४ नोव्हें., मंगळ.
हर्नियाचं ऑपरेशन लांबलं. भूल देणाऱ्या डॉ. बाई म्हणाल्या, "वजन एकशे चार, दम जेमतेम. अशी भूल देणार नाही. सहा आठवड्यांनी बघू." तोवर खोकताना हात पोटावर. रोज चालायचं. शिवाय श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र. नळीतून श्वास ओढला की गोळ्या चढतात. मी जोरात फुंकलं. बायको, सुमन म्हणाली, "आवं, कंदील विझवताय व्हय? आत ओढा."

७ नोव्हें.
सातवीत गुरुजी शार्दूलविक्रीडित वृत्तातले श्लोक म्हणवून घ्यायचे. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा, श्वास तिथंच. मी दोन ओळी एका दमात म्हणायचो. आज रंकाळा तलावावर चालताना म्हटलं, तर पाचव्या अक्षराला धाप. गुरुजी असते तर...

१५ नोव्हें.
दोन गोळ्या वर. तीन बाकं सोडून बसलो. आधी दर बाकाला टेकायचो. परतीला दुधाचा कट्टा. सर्जेराव गवळ्यानं म्हस पुढ्यात पिळली. फेसाचा ग्लास. शाळेआधी वडील न्यायचे तोच वास, तीच ऊब ओठांना. चालण्याचं सार्थक.

२ डिसें., मंगळ.
मधली तपासणी. वजन एकशे पाच. बाई चक्रावल्या. भात बंद, साखर बंद, सुमननं सगळं सांगितलं.
"आणखी काही?"
"काही नाही. चालून आलो की अर्धा लिटर धारोष्ण दूध, तेवढंच."
"अर्धा लिटर?" सुमननं विचारलं.
"दूध काय खाण्यात धरतात होय?" मी खरंच विचारलं. बाई पेन ठेवून हसल्या.
घरी आल्यावर सुमन म्हणाली, "मला वाटलं माझ्याच हाताचं चुकतंय. तुमच्यासाठी मीबी भात सोडला." मला जेवण गेलं नाही.

९ डिसें.
कट्ट्यापुढून सरळ निघालो.
सर्जेराव : "आण्णा, म्हस रुसलीया व्हय तुमच्यावर?"
"डॉक्टरनं दूध सोडवलं."
"निम्मा ग्लास घ्या की. निम्म्यानं काय हुतंय?"
हात खिशात घातले, भुजंगप्रयात म्हणत चालू लागलो. लहान-मोठी-मोठी, पावलं आपोआप पडतात. चौकात कळलं, दोन ओळी झाल्या आणि कुठं थांबलो नव्हतो. शर्ट घामानं चिंब, पण पोरासारखं हसू येत होतं.

१६ डिसें., मंगळ.
एकशे तीन. तिसरी गोळी चढली, टिकली नाही. बाईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. सुमन फाईल धरून शेजारनं. शेवटी धाप होतीच, पण बोलता येत होतं. बाई म्हणाल्या, "रिपोर्ट सर्जनना दाखवते. शुक्रवारी फोन करू. हो म्हणतीलच असं नाही."
संध्याकाळी सुमन माझे दोन धुतलेले सदरे, टॉवेल, तांब्या पिशवीत भरत होती.
म्हटलं, "अजून हो कुठं म्हणालेत?"
"न्हाई म्हणाले तर काढून ठेवीन की."