जिंकत आणलेला डाव

५ मार्च, रविवार
बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी. हरलो. तांत्रिकदृष्ट्या.
समोर दातांच्या डॉक्टरबाई. निवृत्त. तेविसाव्या खेळीला त्यांनी बरोबरी मागितली. मी नाही म्हटलं, कारण मी जिंकत होतो. पुढचं नीट आठवत नाही.
क्लबच्या संघात एकच जागा उरली आहे. बाई किंवा मी. सचिव म्हणाला, नुसता निकाल नाही, खेळाचा दर्जाही बघू. माझ्याकडे बघूनच म्हणाला.
ठराव: डावाचं संपूर्ण विश्लेषण करून शनिवारी क्लबात सादर करणे. थंड डोक्याने. स्वतःला कसलीही सूट न देता.

६ मार्च, सोमवार
जेवणाच्या टेबलावर तेविसाव्या खेळीची स्थिती मांडली. सेटमधला काळा उंट कधीच हरवलाय, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण. बायकोने विचारलं, जेवायचं कुठे. म्हटलं, ओट्यापाशी उभ्याने, शास्त्रज्ञ असेच जेवतात. कुठला शास्त्रज्ञ, म्हणाली. विषय बदलला.
विजय सापडत नाही. घोडा पुढे गेला तर सगळं जमतं, पण तो हलला की बाईंच्या उंटाचा थेट माझ्या राजाला शह. म्हणजे हलवताच येत नाही. डोकं जड झालंय. उद्या.

७ मार्च, मंगळवार
सापडला! घोडा बिनधास्त पुढे. मग हत्ती, मग मात. काल कसली अडचण वाटत होती कोण जाणे. झोप झाली की पट कसा मोकळा दिसतो.
ऑफिसात तक्रारींचे फोन घेताना डोक्यात तेच. एक आजोबा म्हणाले, कालपासून नळाला पाणी नाही. मी म्हणालो, घोडा पुढे घ्या. बरं म्हणाले. सज्जन माणूस.

९ मार्च, गुरुवार
मुलगी म्हणाली, बाबा, मोबाइलवर टाकून बघू, लगेच कळेल. नको म्हटलं. यंत्राला डावाचं मर्म कळत नाही. दुसरं काही कारण नाही.
आरशासमोर भाषणाची तालीम. घोडा उचलल्यावर थोडं थांबायचं, लोकांना श्वास घेऊ द्यायचा. डॉक्टरबाईंबद्दल दोन चांगले शब्दही घातले. हरलेल्याशी उदारपणे वागावं.
बायकोचा खोकला कमी आहे. टेबल परत मागते आहे.

११ मार्च, शनिवार
भिंतीवरच्या मोठ्या पटावर स्थिती मांडली. घोडा उचलला. थांबलो.
डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, माझा उंट कुठे गेला?
सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. सचिवाने उठून उंट जागेवर लावला. मी घोडा होता तिथे ठेवला. भाषण बरंच उरलं होतं. म्हणालो, तर एकूण असं आहे. आणि बसलो.
घरी आल्यावर पाहिलं, झाकण बाटलीवर. बायको म्हणाली, सोमवारी जेवणं झाल्यावरच लावलं, औषध सांडलं असतं. भांडायची फार इच्छा होती. मुद्दा सापडेना.

१२ मार्च, रविवार
उंट धरूनही माझी स्थिती उत्तम होती हे पटवायला स्वतः बाईंकडे गेलो. म्हणाल्या, तिथूनच पुढे खेळून बघू. खेळलो. हरलो.
म्हटलं, बाजू बदलू. म्हणजे आता त्यांची मोहरी माझी. उंटासकट.
तोही डाव हरलो.
बाईंनाच कसंनुसं झालं. निघताना दारात मी विचारलं, तुमचं इतकं चांगलं चाललं होतं तर बरोबरी का मागितली होती? म्हणाल्या, तुमचा हात फार थरथरत होता हो.

१३ मार्च, सोमवार
सकाळी फोन वाजला. सचिवाचं नाव दिसलं. वाजू दिला. पुन्हा वाजला. बायकोने उचलला आणि म्हणाली, ते अंघोळीला गेलेत.
मी तिच्यासमोर खुर्चीत होतो. ऑफिसचे कपडे घालून, बूटसुद्धा.
तिने पलीकडचं सगळं ऐकून घेतलं, बरं, सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. मला विचारलं, डब्यात लोणचं देऊ का. दे म्हटलं. ती डबा भरायला आत गेली.
थोडा वेळ बसून राहिलो. मग बूट काढले आणि पुन्हा अंघोळ केली.