टबाचं पाणी

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आईला तुझ्या घरी आणायला गेलीस, पण तिचा सामान बांधायचा सोहळा अजून चालूच असेल! इकडची काळजी नको. तुझ्या अंगणातल्या गरम पाण्याच्या टबाकडे ठरल्याप्रमाणे बुधवारी आणि रविवारी जातो. आज पीएच ७.४, क्लोरीन ३. फिल्टरही धुतला. अख्खा तरणतलाव सांभाळणाऱ्याला तुझा टब म्हणजे हातचा मळ. आईला म्हणावं, आल्या आल्या बिनधास्त गुडघे शेकत बस.

लोभ असू दे, चिडवण्यासकट.
तुझा,
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,

फोनवर तोंड आवरलं नसतं, म्हणून लिहिते. शनिवारी पोचलो. रविवारी आई अर्धा तास टबात बसली. पाणी दिसायला नितळ होतं. मंगळवारी तिच्या पाठीवर, मांड्यांवर लाल पुळ्या उठल्या, ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते पाण्याचंच. मी ठणकावून सांगितलं, पाणी माझा भाऊ तपासतो, त्याचं कामच आहे ते.

घरी येऊन कपाट उघडलं. तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. एक पट्टी पाण्यात बुडवली. क्लोरीनचा चौकोन पांढराच राहिला, म्हणजे क्लोरीन नावालाही नाही.

जमत नव्हतं तर नाही म्हणायचंस. पण तू आकडे रचलेस रे, आणि तेही चार पत्रांत! आई विचारतेय, धाकटा का येत नाही. काय सांगू तिला?

ताई

२५ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दोनदाच आलो होतो. झाडांना पाणी घालून परतलो, टबाचं झाकणही उचललं नाही. दिवसभर पाणी तपासून पुन्हा तेच करायचा कंटाळा आला, एवढंच. याहून बरं कारण असतं तर लिहिलं असतं. आकडे तलावाच्या वहीतले उतरवले.

काल तुम्ही दवाखान्यात असताना येऊन टब रिकामा केला, नळ्या धुतल्या, नवं पाणी भरलं. तुम्ही येईपर्यंत थांबायचा धीर झाला नाही. आज आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुळ्याच तर आहेत, जातील. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रागावलीस तरी तुझाच,
धाकटा

३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

आईचा ताप उतरला, पुळ्याही सुकल्या. तिनं तुला एका वाक्यात माफ केलं. मला अजून जमलेलं नाही. तू भरलेलं पाणी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बरोबर आलं, तरी चौथी पट्टी बुडवलीच.

रविवारी जेवायला ये, आई वाट बघतेय. येताना घराची किल्ली आण. ती आता शेजारच्या काकूंकडे ठेवणार आहे.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.
तुझी,
ताई